मुंबईत ड्रायव्हिंग टेस्टची तारीख मिळवताना: लर्निंगपासून पक्क्या लायसन्सपर्यंत

लर्निंग लायसन्स हल्ली घरबसल्या मिळतं, म्हणून बहुतेक जण उत्साहात तेच आधी काढून टाकतात. खरी अडचण पुढे येते. महिना उलटल्यावर पक्क्या लायसन्सच्या टेस्टसाठी कॅलेंडर उघडावं तर आठवडेच्या आठवडे भरलेले. तोवर क्लास संपलेला असतो, हात सुटलेला असतो आणि लर्निंगची मुदत सरत चाललेली असते. अलीकडे माझं, घरातल्यांचं आणि सोसायटीतल्या बऱ्याच जणांचं लायसन्स झालं, आणि प्रत्येकाच्या अर्जात नि तारखांत मी लक्ष घातलं. त्यातून मला ठामपणे वाटतं ते असं: तारीख किती लांबची मिळेल यावर आपला ताबा नाही, पण आपल्याकडे किती दिवस आहेत हे मोजून सुरुवात करणं आणि मिळालेल्या पहिल्या तारखेलाच पास होणं यावर आहे. खालचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

हे मार्गदर्शन दुचाकी आणि खासगी चारचाकीपुरतं आहे. टॅक्सी, रिक्षा, टेम्पोचे नियम वेगळे, ते इथे घेतलेले नाहीत.

१. अर्ज भरण्याआधी दिवस मोजा

चार आकडे कागदावर लिहून ठेवा. लर्निंगची मुदत ६ महिने. लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्की टेस्ट देता येत नाही. नापास झालात तर पुढच्या टेस्टआधी किमान ७ दिवस जावे लागतात. लागोपाठ तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं.

आता समजा, तुमचं लर्निंग १ जानेवारीला झालं. ३१ जानेवारीच्या सुमारास तुम्ही टेस्टला पात्र झालात आणि तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, म्हणजे मार्चअखेर. तिथे गाडी बंद पडली, नापास. पुन्हा कॅलेंडर उघडलं, पुन्हा दोन महिने, म्हणजे जून उजाडला. जूनअखेर लर्निंग संपतं. कागदावर सहा महिने दिसतात, पण रांग मोठी असली की त्यात जेमतेम दोन टेस्ट बसतात. लर्निंग संपलं की नव्याने लर्निंग काढा, पुन्हा फी, पुन्हा परीक्षा, पुन्हा ३० दिवस.

म्हणून लर्निंग काढायची वेळ विचार करून ठरवा. ज्या महिन्यात क्लास सुरू करणार असाल, त्याच महिन्यात काढा. मुलाची बारावीची परीक्षा तोंडावर असेल किंवा तुम्हाला दोन महिने गावी जायचं असेल, तर आधी काढून ठेवण्यात काही फायदा नाही, घड्याळ मात्र सुरू होतं. परीक्षा संपल्यावर अठरा पूर्ण झालेली सगळी मुलं एकदमच अर्ज करतात, हेही लक्षात घ्या. पावसाळ्यात उघड्या मैदानावरच्या ट्रॅकवर पाणी साचलं तर टेस्ट पुढे जाऊ शकते. जूनमध्ये मुदत संपेल असं नियोजन शक्यतो टाळा.

तारखा इतक्या लांबच्या का मिळतात, याचं उत्तर साधं आहे. टेस्ट मोटार वाहन निरीक्षक घेतात. गाड्यांची फिटनेस तपासणी आणि रस्त्यावरची कारवाई ही कामंही त्यांच्याकडेच असतात. टेस्ट एकेकाचीच घ्यावी लागते. त्यामुळे रोजच्या जागा ठरलेल्या असतात, आणि मुंबईत मागणी त्याहून कितीतरी जास्त आहे.

२. तुमचं आरटीओ कोणतं

मुंबईत चार आहेत: ताडदेव (एमएच-०१), अंधेरी (एमएच-०२), वडाळा (एमएच-०३) आणि बोरिवली (एमएच-४७). ढोबळमानाने दक्षिण मुंबई ताडदेवकडे, पूर्व उपनगरं वडाळ्याकडे, पश्चिम उपनगरं अंधेरीकडे आणि त्यांचं उत्तरेकडचं टोक बोरिवलीकडे. मुलुंडच्या पुढे गेलात की ठाणे, एमएच-०४. जिथे अर्ज करायचा त्या ‘सारथी परिवहन’ पोर्टलवर तुमचा पिनकोड टाकला की कार्यालय दिसतं.

इथे मुंबईत हमखास होणारा एक घोळ आहे. राहायला भांडुपला आणि आधारवर पत्ता चिपळूणचा. आधारने अर्ज केला की पत्ता आधारवरूनच उचलला जातो. लायसन्सवर गावचा पत्ता येणं आणि कार्डही टपालाने तिकडेच जाणं नको असेल, तर आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या. तेवढा वेळ नसेल तर आधारची ओळख न वापरता, मुंबईच्या पत्त्याचा दुसरा पुरावा जोडून अर्ज करता येतो. मात्र मग लर्निंगची परीक्षा घरून देता येत नाही, कागद घेऊन आरटीओत जावं लागतं.

३. कागद आणि लागणाऱ्या गोष्टी

लर्निंगसाठी:
- आधार, आणि त्याला जोडलेला, चालू असलेला मोबाईल नंबर
- वयाचा पुरावा (दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, जन्मदाखला यांपैकी काहीही)
- पत्त्याचा पुरावा
- फोटो आणि सही, स्कॅन करून
- प्रकृतीचं स्वयंघोषणापत्र (नमुना १). वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरांनी भरलेला नमुना १-अ

पक्क्या टेस्टच्या दिवशी:
- मुदतीत असलेलं लर्निंग, अर्जाची प्रत, फी भरल्याची पावती, अपॉइंटमेंटची पावती
- आधार आणि बाकीच्या पुराव्यांच्या मूळ प्रती
- ज्या गाडीवर टेस्ट देणार तिचं आरसी (नोंदणीपत्र), विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र), तिन्ही चालू तारखेचे
- गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’
- दुचाकीसाठी हेल्मेट
- सोबत पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती, कारण लर्निंगवर ट्रॅकपर्यंत तुम्ही एकट्याने गाडी आणू शकत नाही

पीयूसीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. टेस्टच्या रांगेत माझ्यापुढे एक मुलगा होता. सगळी तयारी उत्तम, गाडी चुलत्याची. कागद तपासणाऱ्यांनी पीयूसी उलटून पाहिलं, ते आदल्याच दिवशी संपलं होतं. बाहेर जाऊन नवीन काढून येईपर्यंत त्याची वेळ निघून गेली. इतके आठवडे थांबून मिळालेली तारीख एका चिठ्ठीपायी गेली. गाडी मागून आणणार असाल तर तिचे कागद आठवडाभर आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

४. लर्निंग: घरून, पण घाईने नको

अर्ज ‘सारथी परिवहन’ या सरकारी पोर्टलवर करायचा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, हे बघूनच पुढे जा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं शोधयादीत वर येतात आणि ‘सेवाशुल्क’ म्हणून वाटेल ते पैसे घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओच्या नावाने एपीके फाईल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल) आली तर उघडू नका. त्यातून फोनमधली बँकेची माहिती चोरली जाते.

महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारच्या ओळखीवर लर्निंगची परीक्षा घरून देता येते. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पाहावा लागतो, तो मधूनच पुढे पळवता येत नाही. कॅमेरा चालू ठेवून शांत, उजेडाच्या जागी बसा. पास होण्यासाठी ६० टक्के बरोबर उत्तरं लागतात. प्रश्न चिन्हांचे आणि नियमांचे असतात. सराव परीक्षा पोर्टलवरच आहे, ती दोन-तीनदा दिली की पुरतं.

अर्जात गाडीचा वर्ग निवडताना मात्र थांबून विचार करा. दुचाकीत ‘विनागिअर’ आणि ‘गिअरसह’ असे दोन वेगळे वर्ग आहेत. स्कूटर आहे म्हणून फक्त विनागिअर निवडलं, तर त्या लायसन्सवर मोटरसायकल चालवता येत नाही. वर्ष-दोन वर्षांत बाईक घ्यायचा विचार असेल तर गिअरसहच निवडा, आणि चारचाकी शिकणार असाल तर तीही याच अर्जात घ्या. नंतर वर्ग वाढवायचा म्हणजे पुन्हा लर्निंग आणि पुन्हा हीच रांग.

मोबाईल नंबर तुमचाच द्या. अर्ज सायबर कॅफेत भरा, ड्रायव्हिंग स्कूलकडून भरून घ्या, हरकत नाही. पण नंबर त्यांचा गेला तर तारखेचा मेसेज त्यांना जातो, ओटीपी त्यांना जातो, आणि तारीख बदलायची झाली तरी त्यांच्याच मागे फिरावं लागतं. टेस्टची तारीख मेसेज न मिळाल्यामुळे हुकलेली माणसं मी पाहिली आहेत.

५. तारीख पकडणं

लर्निंगला ३० दिवस पूर्ण झाले की त्याच दिवशी पक्क्या लायसन्सचा अर्ज भरा, फी भरा आणि लगेच तारीख घ्या. ‘क्लास संपू दे, मग बघू’ हे फार महागात पडतं. दोन महिन्यांची रांग असेल तर सरावाला तुमच्याकडे ते दोन महिने आहेतच.

पैसे भरताना एक काळजी घ्या. खात्यातून रक्कम वजा झाली पण पावती आली नाही, असं बऱ्याचदा होतं. घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर पैसे भरल्याची स्थिती तपासण्याची सोय आहे. तिथे अर्ज क्रमांक टाकून थोड्या वेळाने पाहा, बहुतेकदा पावती निघते.

त्यानंतर अपॉइंटमेंटच्या भागात ‘डीएल टेस्ट स्लॉट बुकिंग’मध्ये अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाका. कॅलेंडर उघडतं. हिरव्या तारखांना जागा आहे, लाल भरलेल्या. सगळं लाल दिसलं तर पोर्टल बिघडलं असं समजू नका, बंदही करू नका. पुढचे महिने पाहा आणि जी पहिली हिरवी तारीख दिसेल ती घेऊन टाका. ती तुमच्या लर्निंगच्या मुदतीत बसते ना, एवढंच तपासा. हातात एक तारीख असणं महत्त्वाचं, जवळची शोधणं त्यानंतर.

जवळची तारीख मिळते, पण चिकाटीने. लोक आपल्या तारखा रद्द करतात आणि त्या जागा पुन्हा मोकळ्या होतात. सकाळी कामाला निघण्याआधी आणि रात्री जेवणानंतर, असं रोज दोनदा कॅलेंडर बघायची सवय लावा. घरात कुणाचा अर्ज चालू असेल तर हे काम आळीपाळीने करता येतं. आपली हातातली तारीख मात्र जवळची जागा समोर दिसल्याशिवाय सोडू नका.

दुचाकी आणि चारचाकी दोन्हींची टेस्ट असेल तर दोन्ही वर्ग निवडले गेले आहेत का, हे बुकिंग पक्कं करण्याआधी बघा. पावती छापून घ्या आणि तिच्यावरचा टेस्टचा पत्ता नीट वाचा. कार्यालय एकीकडे आणि ट्रॅक दुसरीकडे असू शकतो. वडाळ्याला ट्रक टर्मिनसच्या बाजूला किंवा ताडदेवला तुळशीवाडीच्या गल्लीत ऐनवेळी पत्ता विचारत फिरण्यापेक्षा आदल्या रविवारी एकदा जाऊन या.

एजंटबद्दल स्पष्टच सांगतो. तारीख लवकर मिळवून देतो, टेस्ट न देता पास करून देतो, असं सांगणारे आरटीओच्या फाटकाबाहेर भेटतील. अर्ज भरायला मदत घेणं वेगळं आणि टेस्ट चुकवायला पैसे देणं वेगळं. दुसरं बेकायदा आहेच, पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की एलबीएस मार्गावर संध्याकाळी सात वाजता तुमच्या शेजारून शाळेतून येणारी मुलं चालत असतात. गाडी यायलाच हवी.

आणखी एक गैरसमज. ‘आता ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र असलं की आरटीओची टेस्ट लागत नाही,’ असा मेसेज २०२४ च्या उन्हाळ्यात जोरात फिरला, अजूनही फिरतो. केंद्राच्या नियमात ही सवलत २०२१ पासून आहे, पण ती फक्त ठराविक निकष पूर्ण केलेल्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांतून पास होणाऱ्यांना. नाक्यावरच्या नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलला ती लागू नाही. तिथे पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या. खासगी गाडीच्या लायसन्ससाठी स्कूल लावणं सक्तीचंही नाही, पण ज्याच्याकडे शिकवणारं कुणी नाही त्याने जरूर लावावं. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो आणि टेस्टला तीच गाडी मिळते.

६. मधले आठवडे

क्लासचे दिवस संपतात आणि टेस्ट महिन्याभराने येते, हीच सगळ्यात धोक्याची वेळ. क्लासचे सगळे दिवस एका दमात संपवू नका. शेवटचे चार-पाच दिवस टेस्टच्या आधीच्या आठवड्यासाठी राखून ठेवायला स्कूलला सुरुवातीलाच सांगा. बहुतेक ऐकतात.

घरच्या गाडीवर सराव करायचा तर ‘एल’ लावून, शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवूनच. दुचाकीवर मागे शिकवणाऱ्या लायसन्सधारकाखेरीज कुणालाही बसवायचं नाही. लायसन्सशिवाय पकडलं तर दंड ५,००० रुपये आहे, आणि ज्याने गाडी दिली त्यालाही तेवढाच. जागेचा प्रश्न मुंबईत मोठा आहे, पण रविवारी पहाटे बीकेसीचे रस्ते बऱ्यापैकी मोकळे असतात. सोसायटीच्या आवारात फक्त गाडी पुढे-मागे घेण्याचा सराव करा, तोही मुलं खेळायला उतरण्याआधी.

आता ‘आठ’, म्हणजे ट्रॅकवर आठच्या आकड्यासारखी गाडी फिरवून दाखवणं. बहुतेक लोक इथेच अडकतात. दुचाकीवर आठ काढताना माणूस पुढच्या चाकाकडे बघतो आणि तोल जातो. नजर वळणाच्या पुढच्या टोकावर ठेवा, गाडी आपोआप तिकडे जाते. पहिला गिअर, अर्धा क्लच, वेग कमी करायला मागचा ब्रेक हलकेच. पुढचा ब्रेक वळणात दाबला की गाडी आडवी होते. पाय खाली टेकला की संपलं. दोन बाटल्या ठेवून त्यांच्याभोवती रोज दहा मिनिटं फिरा. सुरुवातीला आठ मोठा काढा, मग बाटल्या जवळ आणत जा.

चारचाकीत उलट आहे, तिथे घाई मारते. पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरला जवळजवळ हात न लावता, अर्ध्या क्लचवर गाडी सरकू द्या आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवा. ज्याला क्लच नेमका कुठे ‘धरतो’ हे पायाला कळलंय, त्याची गाडी बंद पडत नाही. यासाठी सपाट जागी फक्त क्लचवर गाडी सुरू करून थांबवायचा सराव खूप कामाचा आहे. नंतर तोच चढावर करा. चढावर गाडी मागे न जाऊ देता पुढे काढणं आणि सरळ रेषेत रिव्हर्स घेणं, या दोन गोष्टी विचारल्या जातील असं धरूनच चला.

हाताचे इशारेही पाठ करा. इंडिकेटर असताना हात कशाला, असं वाटतं, पण विचारतात.

७. टेस्टच्या दिवशी

दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. आधी कागद तपासले जातात, मग रांग. पाणी आणि टोपी जवळ ठेवा, ट्रॅकवर सावली असेलच असं नाही. चप्पल घालून जाऊ नका, बूट घाला.

गाडीत बसल्यावर क्रम एकच ठेवा: सीट पुढे-मागे, आरसे, सीटबेल्ट, गिअर न्यूट्रल आहे का, मग चावी. निरीक्षक हे बघत असतात. निघताना आणि थांबताना इंडिकेटर द्या, ट्रॅक रिकामा असला तरी. सूचना कळली नाही तर ‘साहेब, परत सांगाल का?’ असं सरळ विचारा. अंदाजाने गाडी हाकू नका. गाडी बंद पडली तर न्यूट्रल करून शांतपणे पुन्हा सुरू करा. गोंधळून गिअरमध्येच चावी फिरवली की गाडी उडी मारते, आणि ती उडीच नापास करते.

८. निकालानंतर

नापास झालात तर त्याच संध्याकाळी पोर्टल उघडा. टेस्टची फी पुन्हा भरावी लागते, एका वर्गाला ३०० रुपये. सात दिवसांनंतरची पहिली हिरवी तारीख घ्या. लर्निंगची मुदत महिन्याभरावर आली असेल आणि कॅलेंडर त्यापुढचं दिसत असेल, तर दुःख करत बसण्यापेक्षा रोज दोनदा रद्द झालेल्या जागा बघायला लागा, आणि सराव थांबवू नका.

पास झालात की कार्ड टपालाने घरी येतं. त्यालाही वेळ लागतो, पण तोवर अडून राहायचं कारण नाही. लायसन्स नंबर तयार झाला की डिजीलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमध्ये ते उतरवून घ्या, पोलिसांना दाखवायला ते कायद्याने चालतं. कागदाची झेरॉक्स किंवा फोनमधला नुसता फोटो चालत नाही. नंबर दिसण्याआधी मात्र ‘पास झालो’ म्हणून एकट्याने गाडी काढू नका. कार्ड हातात आलं की नाव, जन्मतारीख, पत्ता आणि विशेषतः गाड्यांचे वर्ग तपासा. दोन वर्गांची टेस्ट दिली असेल तर दोन्ही छापले आहेत का ते बघा, आणि चूक असेल तर कार्ड तसंच घेऊन त्याच आरटीओत दुरुस्तीसाठी जा.